दुसऱ्या बाळंतपणाला कोण येणार?

सातवा महिना लागला तशी भेटेल ती बाई मला विचारायची, "मग माहेरी कधी जाणार?" मी सांगायचे, "नाही हो, हे दुसरं आहे." त्यावर "अच्छा, मग इथंच," असं म्हणून ती निर्धास्त व्हायची. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आपल्याकडची रीत. ती आठवली की विचारणाऱ्याचा प्रश्न मिटायचा. माझा तिथून पुढे सुरू व्हायचा. कारण सासर म्हणजे पुण्यातला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि त्यात मी, नवरा आणि अडीच वर्षांची मुलगी. सासूबाई साताऱ्याकडे गावी असतात. सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना दोन दिवससुद्धा घर सोडता येत नाही. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. पहिल्या वेळी हीच आई सव्वा महिना पहाटे पाचला उठून माझ्या अंघोळीचं पाणी तापवत होती.

या वेळी सिझेरियन झालं. चौथ्या दिवशी घरी आले तेव्हा टाके ओले होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की बाळाहून जड काही उचलायचं नाही. दार उघडलं तर मुलगी दोन्ही हात वर करून उभी. चार दिवस आई दिसली नव्हती. मी खाली बसूही शकत नव्हते आणि तिला उचलूही शकत नव्हते. तिचे हात बराच वेळ तसेच वर राहिले. मग तिने ते खाली घेतले आणि ती आत निघून गेली. टाक्यांचं दुखणं मी आता विसरले आहे, ते खाली आलेले हात विसरता येत नाहीत. नवऱ्याला कंपनीतून पाच दिवसांची सुट्टी मिळाली होती, त्यातले चार दवाखान्यातच संपले होते.

पहिलटकरणीचं आपल्याकडे कौतुक असतं आणि ते असावंच. डोहाळजेवण, बाळंतविडा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, न्हाऊ-माखू घालायला बाई, उशाशी आई. दुसरीच्या वाट्याला मात्र एक वाक्य येतं: "तुला काय, आता सगळं माहीतच आहे." माहीत असतं हे खरं. बाळाची मान कशी धरायची, लंगोट कसा बांधायचा, ढेकर कसा काढायचा, हे सगळं येत असतं. पण येत असल्यामुळे आणखी दोन हात फुटत नाहीत. पहिल्या वेळी एक तान्हं असतं आणि ते झोपलं की आईला पाठ टेकता येते. दुसऱ्या वेळी तान्हं झोपतं तेव्हा मोठं उठतं. शी-शू सांगायला नुकतं शिकलेलं ते मूल नेमकं याच महिन्यात पुन्हा चड्डीत करायला लागतं, भरवल्याशिवाय जेवत नाही, मध्यरात्री आईच्याच कुशीचा हट्ट धरतं. काम दुप्पट होतं आणि ते करणारी माणसं निम्मी होतात. रीत घडली तेव्हा सासरी जावा होत्या, नणंदा होत्या, मोठ्याला कडेवर घेऊन अंगणात फिरणारी कोणी तरी आत्या होती. त्या माणसांच्या भरवशावर दुसरं बाळंतपण सासरी ठेवलं गेलं. माणसं गेली, रीत तेवढी राहिली.

सरकारनेही नकळत हीच रीत उचलली आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांना किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ मिळेल असं म्हटलं. प्रत्यक्षात आलेली प्रधानमंत्री मातृवंदना योजना पहिल्या बाळाला ५,००० रुपये देते. दुसऱ्या वेळी ६,००० रुपये मिळतात, पण मुलगी झाली तरच. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू मला मान्य आहे. पण पैसे बाळंतिणीच्या विश्रांतीसाठी आणि आहारासाठी असतील, तर दुसरा मुलगा झालेल्या बाईची झीज कमी होते का? तिच्या घरीही एक लहान मूल आहेच.

माझं म्हणणं एवढंच आहे: बाळ-बाळंतिणीचे पहिले सहा आठवडे हा माहेरच्या मायेवर सोडून देण्याचा विषय राहिलेला नाही. आरोग्यसेवेत जसं प्रसूतीचं टेबल आणि लस येते, तसे घरी येऊन हात लावणारे दोन हातही यायला हवेत, आणि सर्वांत आधी ते दुसरेपणी, तिसरेपणी यायला हवेत.

हे मागताना जुनं सगळं सोन्याचं होतं असं मला म्हणायचं नाही. बंद खोलीत शेगडीचा धूर, डोळ्यांत काजळ, पहिलं चिकाचं दूध पिळून टाकणं, बाळंतिणीला तहान मारायला लावणं, सहा महिन्यांच्या आत बाळाला गुटी आणि मध, यांतलं बरंचसं सोडलं ते चांगलंच झालं. पण त्या सगळ्याच्या मुळाशी एक पक्की समज होती. ओल्या बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचं नाही, तिच्या ताटात गरम अन्न दुसऱ्याने वाढायचं आणि बाळाला न्हाऊ घालायला तिसऱ्याने यायचं. गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात असं वैद्यक सांगतं. आपला सव्वा महिना त्याच्या जवळपासच येतो. हिशेब वेगवेगळ्या वाटांनी मांडला गेला आणि एकाच ठिकाणी पोचला.

यात एक अडचणीची गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. ही विश्रांती पुष्कळ घरांत विटाळाच्या रूपाने येत होती. सोयर आहे, दहा दिवस तिला शिवायचं नाही, तिने स्वयंपाकघरात यायचं नाही. बाईला अपवित्र ठरवून का होईना, चुलीपासून तिची सुटका होत होती. आपण विटाळ टाकून दिला, टाकायलाच हवा होता. पण त्याच्याबरोबर विश्रांतीही टाकून दिली आणि तिच्या जागी दुसरं काही ठेवलं नाही. आता दहाव्या दिवशी बाळंतीण गॅसपाशी उभी असते आणि तिला "किती अॅक्टिव्ह आहेस" असं म्हटलं जातं. मला हे वाक्य दोनदा ऐकावं लागलं. दोन्ही वेळा माझा एक हात पोटावर होता.

आणि हा सव्वा महिना सगळ्यांना कधी मिळत होता? शेतमजूर बाईला मिळत नव्हता, विटा वाहणारीला मिळत नव्हता. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको आडवी झाली की कोयता अर्धा होतो आणि आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. मग कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, बाळंत झालेली बाई काही दिवसांतच फडात जाते आणि तान्ह्यापाशी सहा-सात वर्षांची बहीण बसते. त्या बहिणीची शाळा तिथे सुटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली, ती याच बहिणीसाठी. कडेवरचं भावंड सोडून तिला येता येत नाही, तर त्यालाही घेऊन ये म्हणावं. इतका साधा आणि इतका मोठा विचार आपल्याकडे होऊन गेला. आज अंगणवाडीत मूल बसतं ते तिसऱ्या वर्षानंतर, त्याआधी घरी न्यायला आहाराची पाकिटं मिळतात. माझ्या मुलीसारखं अडीच वर्षांचं मूल, ज्याला याच वेळी चार तास दुसरीकडे रमण्याची गरज असते, ते कुठेच बसत नाही. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर आहे. ते वस्तीवस्तीत दिसू लागेल तेव्हा पुष्कळ बाळंतिणींना दुपारी तासभर डोळा लागेल.

माहेर या व्यवस्थेबद्दलही थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. माहेर म्हणजे शेवटी एक बाई: आई. तिचे सव्वा महिन्याचे कष्ट कोणी मोजत नाही, कारण ती आई आहे. ती पंचावन्न-साठ वर्षांची असते. तिचे स्वतःचे गुडघे, साखर, रक्तदाब असतो. आता तीही नोकरी करत असते किंवा सुनेचं पोर सांभाळत असते. जिने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध जातीबाहेर लग्न केलं, तिला माहेरचं दार बंद असतं आणि बहुतेक वेळा सासरचंही. जिची आई लवकर गेली तिच्या बाळंतपणाचं काय करायचं, याला रीतीत उत्तरच नाही. परदेशातल्या मराठी घरांत हीच व्यवस्था विमानाने जाते. अमेरिकेत पगारी प्रसूती रजेचा देशभर लागू असा कायदा नाही, १९९३ च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा. मग एक आजी बाळंतशेपा, खारीक पावडर, सुंठ आणि डिंक भरलेली बॅग घेऊन सहा महिने जाते, ती परतली की दुसरी आजी निघते. मी अशा दोन आज्यांना ओळखते. त्यांच्या पाठीवर आणि व्हिसावर एका श्रीमंत देशातलं बाळंतपण चाललेलं असतं.

ज्यांच्याकडे माहेर नाही त्यांच्यासाठी काही करणं हे घरचं नाही, समाजाचं काम आहे, हे पुण्यात फार पूर्वी करून दाखवलं गेलं आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या विधवांना तिथे गुपचूप येऊन बाळंत होता येत होतं. त्या बायकांचं बाळंतपण सावित्रीबाई करत. म्हणजे जिचं कोणी नाही तिच्यासाठी त्यांनी घराचं माहेर केलं. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि तिथून शिकून तयार झालेल्या परिचारिका आणि सुइणी बाहेर पडल्या. बाळंतिणीची सेवा हे कौशल्याचं काम आहे, ते शिकवावं लागतं आणि त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, हे तेव्हा ज्यांना उमगलं होतं त्यांच्याच शहरात मी बाई शोधत हिंडत होते.

बाई शोधणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. आधी सोसायटीत विचारायचं, मग दवाखान्यातल्या आयांना, मग ब्यूरोत फोन. ब्यूरोने बारा तासांच्या बाईचा पगार सांगितला महिना २२,००० रुपये, शिवाय त्यांचं कमिशन. पहिली बाई तीन दिवसांत गेली, कारण तिच्या स्वतःच्या मुलाला ताप होता. दुसरी फक्त बाळाचं करीन म्हणाली, मोठीचं नाही. तिचं बरोबरच होतं, कामाचं ठरलंच तसं होतं. शेवटी टिकल्या त्या मालिशवाल्या मावशी. सकाळी येऊन मला तेल लावायच्या, बाळाची टाळू भरून त्याला पायांवर घेऊन अंघोळ घालायच्या, आणि तेवढ्या तासाभरात माझ्या मुलीला एक छोटी वाटी तेल देऊन तिच्या बाहुलीची मालिश करायला बसवायच्या. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या मुलाला बाळाच्या कामात सामील करून घ्यावं हे बालमानसशास्त्रातलं शहाणपण त्यांना हातानेच कळलेलं होतं.

एकदा मी त्यांना विचारलं, "मावशी, तुमचं कोणी केलं?" म्हणाल्या, "पहिलीचं आईनं. बाकी दोघांचं मीच. बाराव्या दिवशी कामाला गेले, घरं सुटली असती ना ताई." माझा सव्वा महिना ज्यांच्यामुळे निभावला, त्यांना स्वतःला बाराच दिवस मिळाले होते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, तो होणं हीच मोलकरणींच्या संघटनांच्या अनेक वर्षांच्या लढ्याची कमाई आहे. तरी मावशींची कुठे नोंद नाही आणि त्यांना पगारी रजाही नाही. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणून "ज्याला परवडतं त्याने बाई ठेवावी" हे उत्तर मला पटत नाही. त्यात एका बाळंतिणीची विश्रांती दुसऱ्या बाईच्या घरातून उचलून आणलेली असते.

घरी येणारी शिकलेली बाई किती फरक पाडू शकते, याचा पुरावाही महाराष्ट्रातलाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळाच्या घरी जायच्या, वजन करायच्या, ऊब द्यायला शिकवायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायच्या. तिथला नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आल्यावर जगाने दखल घेतली. पुढे २०११ मध्ये केंद्राने याच धर्तीवर घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आणला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. या सहा भेटी पुऱ्या केल्या की तिला केंद्राने ठरवलेला मोबदला मिळतो २५० रुपये. म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेसुद्धा नाहीत.

आशाताई बाळ जगवते. त्याबद्दल तिला कितीही दिलं तरी कमीच आहे. पण ती वजन करून, तापमान बघून जाते. जाताना मोरीतला दुपट्यांचा ढीग तसाच असतो आणि मोठं पोर आईच्या पाठीवर चढत असतं. हे काम तिच्यावर आणखी लादा असं मी अजिबात म्हणत नाही, तिच्या पाठीवर आधीच पुरेसं आहे. मी म्हणते आहे की तिच्या जोडीला दुसरी बाई हवी, जिचं कामच मुळी हात लावणं असेल.

नेदरलँड्समध्ये असं आहे. तिथे बाळंतपणानंतरचे आठ ते दहा दिवस प्रशिक्षित मदतनीस घरी येते, मिळून किमान चोवीस आणि गरजेनुसार ऐंशी तासांपर्यंत. आईचं आणि बाळाचं बघते, दूध पाजायला शिकवते, शिवाय थोडं घरकाम करते आणि घरातल्या मोठ्या मुलांकडेही लक्ष देते. खर्च मूलभूत आरोग्यविम्यातून होतो, घराला तासामागे थोडी रक्कम भरावी लागते. वाचताना मला वाटलं, ही तर आपली मावशीच. फरक एवढाच की तिच्याकडे शिक्षण आहे, पगार आहे आणि तिची आजारपणाची रजा कोणाच्या मेहरबानीवर नाही.

आपल्याकडे हे परवडेल का? मी साधा हिशेब करून पाहिला. रोज तीन तास, चाळीस दिवस, म्हणजे १२० तास. तासाला १०० रुपये मजुरी धरली तर एका बाळंतपणामागे १२,००० रुपये. महाराष्ट्रात वर्षाला अंदाजे वीस लाख बाळंतपणं धरली आणि श्रीमंत-गरीब न बघता प्रत्येक घरी ही बाई पाठवली, तरी मजुरीचा खर्च होतो २,४०० कोटी. प्रशिक्षण, देखरेख आणि प्रवास धरून तो दीडपट करा, ३,६०० कोटी. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद सांगितली गेली होती. बायकांच्या हातात रोख पैसे पडण्याच्या मी विरोधात नाही, माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी त्या दीड हजारांतून औषधं आणली आहेत. पण राज्याकडे बायकांसाठी पैसा नाही हे आता कोणी सांगू नये. शिवाय हा पैसा जाणार कुठे? मावशींसारख्या लाखभर बायकांच्या नोंदलेल्या, नियमित रोजगारात.

पैसे कोणी भरायचे हा वाददेखील नवा नाही. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक मांडलं, ते संमत झालं नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात तसं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मुद्द्याला हात घातला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारनेच उचलायला हवा, आणि मालकालाही बाईच्या श्रमांचा फायदा मिळतो म्हणून त्यालाही त्यातून सुटता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. १९६१ मध्ये देशाचा झाला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. मात्र राज्य कामगार विम्याच्या कक्षेबाहेर या रजेचा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो. परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाखतीत "लग्न झालंय? मुलांचं काय ठरवलंय?" असं विचारलं जातं. आंबेडकरांचा 'मोठा भार सरकारचा' हा अर्धा भाग आपण गाळून टाकला आणि त्याची किंमत नोकरी शोधणाऱ्या मुली भरत आहेत. कामगार विम्यासारखा सामाईक निधी केला, त्यात सरकार, मालक आणि कामगार सगळ्यांनी भर घातली, तर बाळंतपण ही एखाद्या कंपनीवरची आपत्ती राहणार नाही.

प्रसूती लाभाच्या कायद्यात बापाला काहीच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रात सगळं कंपनीच्या मर्जीवर, आणि रिक्षा, टेम्पो, गवंडीकाम करणाऱ्याला तर ज्याची मर्जी सांभाळावी असंही कोणी नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं, तीन महिन्यांपर्यंत रजा देता येईल असं. ते पुढे गेलं नाही. एका मराठी खासदाराने उचललेला हा विषय महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणीतरी पुन्हा हातात घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

"पुरुष घरी राहून करणार काय?" असं मला एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी विचारलं. पाजणं सोडून सगळं. दुपटी धुणं, बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, खिचडी टाकणं, आणि दुसऱ्या बाळंतपणात सर्वांत मोठं काम म्हणजे मोठ्या मुलाचं जग सांभाळणं. २०२४ च्या वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं, पुरुष ८८ मिनिटं. हा आकडा भाषणांनी बदलणार नाही. माझ्या नवऱ्याने बिनपगारी आणखी दहा दिवस काढले. त्या दहा दिवसांत तो मुलीची वेणी घालायला शिकला, आणि आजही ती वेणीसाठी त्याच्याकडेच जाते. ज्या दिवसांत घरातली कामं नव्याने वाटली जातात, त्याच दिवसांत पुरुषाला घराबाहेर ठेवलं तर वाटणी कायमची एकतर्फी होऊन बसते.

बाळंतिणीच्या मनाचं काय होतं हे अजून आपण दबक्या आवाजात बोलतो. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध होता. पुढे गोव्यातच 'संगत' संस्थेने गावातल्या सामान्य बायकांना शिकवून नैराश्याने ग्रासलेल्या गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या घरी पाठवलं. डॉक्टर प्रत्येक घरी पोचणार नाही, शेजारच्या गल्लीतली शिकलेली बाई पोचू शकते. रोज तीन तास येणाऱ्या बाईला हेही दिसेल की बाळंतीण दोन दिवस बोललेली नाही, की तिच्या दंडावर वळ आहे.

घरात परकी बाई सरकारने का घुसवायची, कुटुंबाने आपलं आपण बघावं, असंही म्हणणारे आहेत. त्यांना मी एवढंच विचारेन की मावशी, ब्यूरोची बाई आणि दवाखान्यातली आया या कोण आहेत? परकी बाई घरात आधीच आलेली आहे. फक्त ती पैसेवाल्याच्याच घरात आली आहे आणि तिच्या मागे कोणी उभं नाही. आजीला यातून हाकलायचंही नाही. आजी येईल, पण तिला मोरीत न बसता नातवंडांपाशी बसता येईल.

बाळ आता पाच महिन्यांचं झालं. मावशी अजून त्याच्या अंघोळीला येतात. गेल्या आठवड्यात त्यांनी सव्वा महिन्याची सुट्टी मागितली. त्यांच्या मुलीचं दुसरं बाळंतपण आहे, पहिला नातू पावणेदोन वर्षांचा. जावई टेम्पो चालवतो, एक दिवस घरी बसला तर त्या दिवसाचा पैसा बुडतो. मी पगारी सुट्टी देईन म्हटलं. आमच्या इमारतीत त्यांची आणखी दोन घरं आहेत आणि दोन्हीकडे सध्या ओल्या बाळंतिणी आहेत. तिसऱ्या मजल्यावरचीला जुळी झाली आहेत आणि तिला आई नाही. पैसे द्यायला तीही तयार आहे, पण तिला माणूस हवं आहे. परवा तिच्याकडचं काम आटपून मावशी आमच्या दारात थांबल्या, हाताला अजून तेलाचा वास होता. "ताई," म्हणाल्या, "लेकीकडे तर मला जायलाच हवं. पण मी गेले की हिचं कोण करणार?"